बांधावरचा नाचण

"आबा, हळू बोला! पिल्लं दचकत्यात," क्रांती दातओठ खात म्हणाली.

"मी हळूच बोलतोय. त्याला सांग," आबा बांधापलीकडं न बघता म्हणाले.

पलीकडं पोत्यावर बसलेल्या बापूकाकांनी लगेच बाभळीलाच ऐकवलं, "आमच्या रानात आमी कसंबी बोलू."

दोघं सख्खे भाऊ. औंधच्या माळाला लागून दोघांची रानं, मधे बांध, बांधावर ही बाभूळ. ती कुणाची, यावरून तीन वर्षं अबोला होता. आपली पाठ वळली की दुसरा झाडाला करवत लावणार, अशी शिमग्यापासून दोघांनाही खात्री झाली होती. म्हणून अलीकडं आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पलीकडं बापूकाका पोत्यावर. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राखण. जेवणाचे डबेसुद्धा तिथंच यायचे.

आणि दोघांच्या डोक्यावर, हात उंचावला तर पोचेल अशा फांदीवर, नाचणाचं घरटं.

नाचण म्हणजे चिमणीएवढा, काळपट, पांढऱ्या भुवईचा पक्षी. शेपटीचा पंखा उघडत-मिटत तो कोरड्या रानात या फांदीवरून त्या फांदीवर नाचत असतो. त्याचं घरटं चहाच्या कपाहून लहान, बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. नर-मादी दोघंही अंडी उबवतात, दोघंही भरवतात. काय भरवतात, हेच आबांच्या लेकीला, क्रांतीला, पिल्लं उडेपर्यंत टिपायचं होतं. दोन वर्षांचा अभ्यास त्यावर अडला होता. माळावर तिनं शोधलेली घरटी एकामागून एक रिकामी झाली होती. तिथं तिनं शेळ्या-मेंढ्याही फिरकू दिल्या नव्हत्या. स्वतःही लांबून दुर्बिणीतून पाहिलं होतं. आता पिल्लं असलेलं हे एकच घरटं उरलं होतं, आणि त्याच्याखाली ही दोन माणसं! एक खोकला की दुसरा मोठ्यानं खाकरायचा.

त्या दिवशी आबांनी मोबाइलवर कुस्ती लावली. बापूकाकांनी त्याहून मोठ्यानं भजन लावलं. क्रांतीचा संयम संपला. ती बांधावर चढली.

"झाड दोघांचं! कुणी हात लावला तर मी दोघांच्याबी घरात पाय ठेवणार न्हाई. उठा आता!"

दोघं भाऊ तिच्याकडं, मग एकमेकांकडं बघत राहिले.

"लय बोलाय लागली पोरगी," बापूकाका म्हणाले.

"तुझ्यावर गेलीया," आबा म्हणाले.

तीन वर्षांत दोघं पहिल्यांदा थेट बोलले होते. त्या संध्याकाळी बापूकाकांच्या घरी मटणाचा रस्सा शिजला आणि आबांनी तो दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली कुणीच नव्हतं. क्रांतीला हवी होती तशी शांतता होती. दुपारी ती बापूकाकांच्या रानालगतच्या अंगणात हातावर पाणी घेत होती, तेवढ्यात बाभळीतून तांबड्या पंखांचा एक मोठा पक्षी निघाला आणि उसावरून खाली-खाली उडत गेला.

रंगूकाकीनं हात जोडले. "भारद्वाज दिसला गं! भाऊ-भाऊ एक झालं, त्येचा शकुन हाय बघ."

क्रांती धावत सुटली. भारद्वाज दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लं खातो, हे तिला ठाऊक होतं.

घरटं एका बाजूला कलंडलं होतं. आत काही नव्हतं.

ती तिथंच बसून राहिली. तिनं शांत ठेवलेली माळावरची सगळी घरटी गेली होती. पिल्लांना पिसं फुटेपर्यंत टिकलं होतं ते फक्त हे, ज्याच्याखाली दिवसभर दोन माणसं भांडत बसायची.

पुढच्या आठवड्यात नाचणाची जोडी परत आली. जुन्या घरट्याचं कोळिष्टक ओढून त्यांनी शेजारच्या फांदीवर नवी वाटी विणायला घेतली. त्याच दिवशी आबा आणि बापूकाका एकाच मोटारसायकलवरून रहिमतपूरला बाजाराला गेले. परतले तेव्हा कसल्याशा जुन्या आठवणीवर दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. क्रांतीनं आबांना असं हसताना कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना.

संध्याकाळी बापूकाका उसाला पाणी द्यायला एकटेच रानात आले. क्रांती बराच वेळ त्या नव्या वाटीकडं बघत उभी होती. मग ती बांध उतरून त्यांच्याजवळ गेली.

"काका," ती म्हणाली, "आबा म्हणत्यात, बाभूळ आमचीच हाय."