अकरा फुटांवरचा अँगल

"आवं, तिच्या गुडघ्याला ती काळी पट्टी कशाची?" चांगुणानं विचारलं.

"फॅशन हाय. समद्याच लावत्यात," मच्छिंद्र म्हणाला. समोरच्या जपानी मुलीच्या पायाला पट्टी नव्हती. ते बायकोच्या ध्यानात येऊ नये म्हणून तो जरा पुढं सरकून बसला.

पाटसच्या वस्तीतल्या समाजमंदिरात भर दुपारी दोनशे माणूस दाटीवाटीनं बसलं होतं. भिंतीवर पांढरी चादर, चादरीवर जपानमधली बॅडमिंटनची फायनल, आणि फायनलमध्ये या दोघांची लेक करुणा. दोघींनी एकेक गेम घेतला होता, तिसरा चालू होता. भाचा विनोद तर भलताच उतावळा. त्यानं दारात फ्लेक्स आधीच लावून टाकला होता. यंदाच्या स्पर्धा आणि त्यांच्या विजेत्या: थायलंडला चिनी मुलगी, इंडोनेशियाला कोरियन, मलेशियाला करुणा. जपानपुढं काय छापलंय त्यावर तेवढा वर्तमानपत्राचा कागद चिकटवला होता, आणि त्याचंही एक टोक त्यानं मोकळं ठेवलं होतं.

"मामा, कागद तुम्हीच वढायचा हां," विनोद म्हणाला.

मच्छिंद्रनं नुसती मान हलवली. त्याला भीती वाटत होती, आणि ती लेक हरण्याची नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांचं बोलणं इथं त्याला एकट्याला ठाऊक होतं. उजव्या गुडघ्याची लिगामेंट अर्धी फाटलीय, आणखी एकदा त्या गुडघ्यावर जोरात गेली तर खेळ सोडा, धड चालणंही अवघड होईल. आईला सांगायचं नाही, अशी करुणानं त्याला शपथ घातली होती.

आणि ती तर गुडघ्यावरच खेळायची. दुसरं काही तिला येतच नव्हतं. ती शिकली याच समाजमंदिरात. इथं पत्र्याखाली, अकरा फुटांवर, लोखंडी अँगल आडवा गेलाय. शटल जरा उंच गेलं की टण्ण! पॉइंट गेलाच. म्हणून करुणा खाली झेपावून, उजवा गुडघा वाकवून, सगळं सपाट मारायची. मोठमोठ्या देशांच्या पोरी त्या फटक्यांना घाबरायच्या. तो अँगल मच्छिंद्रनंच बसवला होता. कारखान्यात फिटर होता तो, वेल्डिंग त्याच्या हातचं होतं.

सकाळी फोनवर तो तिला म्हणाला होता, "बाय, शटल उंच टाक. सावराया येळ मिळंल. हरलीस तरी चालंल."

"पप्पा, हात वर जातच न्हाई," ती म्हणाली होती. "एवढाले मोठे हॉल, पर मला वर आपला अँगलच दिसतो."

एकोणीस-वीस. जपानी मुलीला आता एकच पॉइंट हवा होता. शटल करुणाच्या उजवीकडं खाली आलं. ती झेपावली, गुडघा जमिनीला टेकला, फटका बसला. वीस-वीस! समाजमंदिर दणाणलं, विनोदनं शिट्टी मारली. करुणा जमिनीवर हात टेकून उठली, एवढंच मच्छिंद्रनं पाहिलं.

चांगुणानं त्याचा दंड धरला. "खरं सांगा. ती पट्टी कशाची?"

त्यानं डोळे चादरीवरून हलवले नाहीत. तिची बोटं दंडात रुतत गेली.

पुन्हा सर्व्हिस झाली. चार फटके, सहा फटके, आणि जपानी मुलीनं शटल पुन्हा तिथंच ढकललं, उजवीकडं, खाली. त्या पोरीलाही गुडघ्याचं कळलं होतं तर! दोनशे माणूस एकदम पुढं वाकलं. करुणा आता झेपावणार.

"सोड, बाय!" मच्छिंद्र ओरडला. माणसं वळून त्याच्याकडं पाहू लागली.

करुणा झेपावली नाही. तिनं एकच आखूड पाऊल टाकलं आणि उभ्याउभ्या खालून रॅकेट वर नेली. शटल वर गेलं, आणखी वर गेलं, चादरीच्या काठाबाहेर निघून गेलं.

मच्छिंद्रनं सवयीनं मान आखडून घेतली. डोक्यावरच्या अँगलकडं पाहत तो थांबला. टण्ण झालं नाही.

चादरीवर करुणा दोन्ही पायांवर सरळ उभी होती, तोंड वर करून. शटल अजून खाली यायचं होतं.