काळी जोडवी

नगरबाहेरचा कातडी कमावायचा कारखाना बंद पडला तरी तिथल्या मातीत गवत उगवेना. बाहत्तरच्या दुष्काळात त्याच जागेवर लोकांना फिरायला वाट करायचं सरकारी काम निघालं. खर्ड्याची कडूबाई अनवाणी माती वाहायची. चांदीची जोडवी रोज राखेनं घासली तरी दुपारपर्यंत काळीठिक्कर पडायची. सोलवटलेल्या पावलांकडं तिचं लक्षच नव्हतं. जोडवी काळवंडली म्हणजे धन्यावर अरिष्ट, एवढंच तिला ठाऊक. कारखान्याचे चुन्या-रसायनांचे जुने हौद उकरणारा धनी खोकून खोकून अर्धा झाला होता. भाकरी सोडताना तिनं मुकादमाला विचारलं, “ही वाट जाती कुठं?” “कुठं न्हाई. गोल फिरून हितंच.” “मग चालायचं कशापायी?” “सायबलोकांना भूक लागाया.” धनी हसला नाही. वाकून तिची जोडवी काढू लागला. “आवं, तुमी जित्ते हायात ना!” “म्हनून तर मीच काढतो.” जोडव्यांखालची तेवढीच कातडी धड होती.