रविवारचं शेवाळ

बेडेकरबाईंच्या हौदात सोनेरी पिल्लं वळवळताना पाहिली आणि शेजारच्या विसपुत्यांच्या पोटात दुखायला लागलं.

परसात स्वतः खड्डा खणून, ताडपत्री अंथरून त्यांनी तळं केलं होतं. त्यात गोल्डफिश सोडले होते. दर रविवारी ते तळं घासून लख्ख करत. तरी इतक्या वर्षांत एक पिल्लू दिसेल तर शपथ. आणि जिच्या हौदात कमळाशिवाय काही नव्हतं, तिच्याकडे हा एवढा गोतावळा.

"कुठून आणलीत?" त्यांनी कुंपणावरून जमेल तितक्या सहज विचारलं.

"आणतेय कुठली? तुम्ही रविवारी शेवाळ काढून माझ्या हौदात भिरकावता. मी कधी बोलले नाही. त्यालाच खसखशीसारखी अंडी चिकटलेली होती. तुमच्याकडे मोठ्या माशांनीच खाल्ली असती, इथे खायला कोणी नाही. हवी तर न्या, तुमचीच आहेत."

"राहू द्या," विसपुते म्हणाले. आपलीच पिल्लं हिच्याकडून मागून न्यायची?

पुढच्या रविवारी त्यांनी शेवाळ काढून उन्हात धरलं. बारीक दाणे चमकले. सवयीने हात कुंपणाकडे गेला. पलीकडे बाई कमळाची पिवळी पानं खुडत होत्या.

"टाका की," त्या हसून म्हणाल्या.

विसपुते मागे फिरले आणि ते शेवाळ त्यांनी आपल्याच तळ्यात अलगद सोडलं. मोठे मासे झेपावले. शेवटचा दाणा संपेपर्यंत विसपुते काठावर बसून होते.