किती जण?

कडेवर ईरा आणि एका हातात भाताचं ताट घेऊन बुफेच्या रांगेतून परतले, तर जागा धरायला खुर्चीवर टाकलेलं दुपटं कुणीतरी बाजूला सारलं होतं. टेबलावर दुसरंच कुटुंब जेवत होतं. नवरा जहाजाच्या खालच्या डायनिंग हॉलमध्ये, ऑफिसच्या मंडळींसोबत. "ईरा रडते, तू वरच जेव ना," म्हणाला होता.

"इथे बस. बाळ दे माझ्याकडे आणि वरण घेऊन ये," शेजारच्या टेबलावर एकट्याच बसलेल्या काकू म्हणाल्या.

अनोळखी बाईकडे? मी ईराला घट्ट धरलं. "नको, जमेल मला."

"मलाही जमतं गं. तिकिटं दोघांची काढली होती. हे मार्चमध्ये गेले, मी एकटीच आले. खाली हॉलच्या दारातच विचारतात, किती जण? म्हणून इथे जेवते. पुढच्या वर्षी बुफे बंद करणार म्हणे."

मी ईराला त्यांच्या मांडीवर ठेवलं, तरी हात लगेच सुटेना.

"काकू, उद्या खाली जाऊ. विचारलं तर तिघी सांगू."

त्या ईराचं टोपडं सारखं करत राहिल्या.

"आधी वरण आण. भात गार होतोय."