शेंगदाणा की साय

“काकू, मला तर दोन्ही सारखेच दिसायलेत,” धनेश पेंटर म्हणाला. अरुंधतीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने निमूटपणे ब्रश परत पाण्यात बुडवला.

भिंतीवर दोन पट्टे ओढले होते. एक सायीच्या रंगाचा, दुसरा शेंगदाण्याच्या टरफलाचा. खोली उत्तरेची, दुपारीही अंधारी. अरुंधतीला तिथे बसून दहावीचे पेपर तपासायचे असत. तिला साय हवी होती. म्हणून गेला आठवडाभर ती शेंगदाण्याचं कौतुक करत होती.

नंदकिशोर नवरा म्हणून भला, पण बायकोने उजवं म्हटलं की डावं म्हणायची त्याला खोड. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ही खोड तिच्या लक्षात आली आणि संसार सोपा झाला. भोसरीच्या फ्लॅटची तिने तोंडभरून स्तुती केली, तेव्हा चिंचवडचा मिळाला. मुलीचं नाव पल्लवी ठेवायचं म्हणून ती हटून बसली, तेव्हा सुखदा ठरलं. प्रयोग एकदाही फसला नव्हता.

“शेंगदाणाच लावू या,” ती ठामपणे म्हणाली. “माझं ठरलंय.”

नंदकिशोर भिंतीपुढे वाकला. नुकताच निवृत्त झाला होता तो. चाकणच्या कंपनीत रंगवलेल्या गाड्या तपासण्यात त्याची हयात गेली होती. रंगाखाली दडलेला पोचा त्याला लांबूनही दिसायचा. त्याने एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. अरुंधती ‘मुळीच नाही’ ऐकायला तयार होऊन उभी राहिली.

“लाव रे शेंगदाणा,” तो धनेशला म्हणाला. “काकू म्हणतात तसं.”

अरुंधती घाईने पुढे झाली. सायसुद्धा तशी वाईट नाही, घाई कशाला, उद्या ठरवू, असं ती बरंच काही बोलली. पण धनेशला एवढा वेळ उभं राहून कंटाळा आला होता. तिचं बोलणं संपेपर्यंत अर्धी भिंत शेंगदाण्याची झाली होती.

संध्याकाळी चहा देताना तिला राहवलं नाही. “आज एकदम कसं ऐकलंत हो माझं?”

नंदकिशोरने बशीत चहा ओतला, शांतपणे फुंकर घातली.

“अगं, इतकी वर्षं तुझ्या मनातलं ओळखून तू म्हणशील त्याच्या उलट बोलत आलो. म्हटलं, एक खोली तरी माझ्या आवडीची होऊ दे.”