कानांची तपासणी

“हे तक्ते गुंडाळा आणि निघा,” केसरीनाथ मास्तर सगळ्या वर्गादेखत ओरडले. “ही काय बालवाडी हाय?”

मृणालीने फळ्यावरचा तक्ता उतरवला. रोज एक पेला दूध, मैदानी खेळ, वेळेवर झोप. शाळांसाठी आखलेला आरोग्य कार्यक्रम जसाच्या तसा राबवायला तिला टेमघरच्या या प्रशिक्षण केंद्रात पाठवलं होतं. समोर लूम फिटरचा, म्हणजे यंत्रमाग दुरुस्तीचा, कोर्स करणारी तीस पोरं. निम्मी रात्रपाळी करून आलेली. मघापासून पोरं तक्त्यातल्या दुधावरून खिदळत होती, आणि मास्तर त्यांना थांबवत नव्हते.

तिचं डोकं तापलं. “मग लूमवर तुम्हाला काय त्रास होतो ते तुम्हीच सांगा,” ती पोरांना म्हणाली.

हसणं थांबलं.

“कानात शिटी वाजते,” मागच्या बाकावरचा विशाल म्हणाला. “घरी गेल्यावरपण.”

लोडशेडिंग होतं. शेजारच्या गाळ्यातले लूम बंद होते. मृणालीने मनगटावरचं चावीचं घड्याळ सोडलं. एकेकाला डोळे मिटायला लावून ती ते त्याच्या कानापाशी धरू लागली. टिकटिक ऐकू आली की हात वर करायचा. विशालचा हात डाव्या कानाला वर गेला, उजव्याला गेलाच नाही. आणखी चौघांचं तसंच. ती त्यांची नावं वहीत लिहून घेऊ लागली.

मास्तरांनी वही हिसकावली. “कान गेले म्हणून बोभाटा झाला तर यांना कामावर कोण ठेवील? नाटकं हायत ही. बावीस वर्षं मी लूम दुरुस्त केले, मला काय झालंय? लावा माझ्या कानाला.”

ते खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

मृणालीला हेच हवं होतं. तिने घड्याळ उजव्या कानाशी धरलं. मास्तरांचे हात मांडीवरच राहिले. मग डाव्या कानाशी धरलं, केसांना लागता लागता राहील इतकं जवळ. थांबली. पुन्हा उजव्याशी. वर्गात कोणी हसलं नाही. विशालने मान खाली घातली. जिंकल्यासारखं तिला काहीच वाटेना.

“लावा की बाई,” मास्तर मिटल्या डोळ्यांनीच खेकसले. “घाबरलात काय?”

मृणालीने घड्याळ केव्हाच मनगटाला बांधलं होतं.