बॉनेटवरच्या फटी

घाटातल्या शर्यतीची पहिली फेरी संपली, तेव्हा टर्बोच्या उष्णतेने इंजिन इतकं तापलं होतं की शेवटच्या चढावर गाडीचा जोरच गेला.

"नाव मागे घे, हसीना," संघाचे प्रमुख बर्गे म्हणाले. "ही गाडी तुला झेपायची नाही."

हसीनाने ग्राइंडर उचलून बॉनेटवर टेकवला.

"अगं, नवीन बॉनेट आहे!"

"गाडी माझी आहे, सर. आतली गरम हवा जाणार कुठून?"

तिने दोन लांब फटी कापल्या. टर्बोच्या पाइपला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळताना बोटं भाजली, तरी ती थांबली नाही.

दुसऱ्या फेरीत तापमानाचा काटा चढला नाही. हसीना तिसरी आली. फोटोसाठी बर्गे लगबगीने बॉनेटला टेकून उभे राहिले.

"जरा बाजूला व्हा, सर," ती म्हणाली. "फटी दिसू द्या."